दीड लाख डॉलरचा करार आणि जुन्या लावणीचा तुकडा

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीकडचे. पंचवीस वर्षं अटलांटाच्या उत्तरेला, स्वानीत राहतो. मुलगा इथंच जन्मला, आता २२ वर्षांचा आहे. कॉलेज अर्धवट सोडून रॅप करतो. आता हे चेष्टेवारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. गेल्या वर्षभरात त्याची गाणी १८ लाख वेळा ऐकली गेली आणि डिस्ट्रिब्युटरकडून (गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या कंपनीकडून) सहा हजारांच्या आसपास डॉलर आले. अटलांटातल्या एका छोट्या लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीनं, त्याच्यापुढे दीड लाख डॉलरचा करार ठेवला आहे. एक अल्बम नक्की, पुढचे चार त्यांच्या मर्जीवर. रॉयल्टी १८ टक्के, शो आणि मर्चंडाइजमध्ये त्यांचे ३० टक्के, मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क, कायमचे त्यांचे. शुक्रवारपर्यंत सही हवी म्हणतात. लेबलचा मालक म्हणतो, ‘आपलं मास्टर पीच्या नो लिमिटसारखं आहे, सगळं घरचं.’ आमचे हे म्हणतात, त्यापेक्षा घरावर कर्ज काढू आणि आपणच अल्बम करू. शिवाय त्याच्या सगळ्यात चाललेल्या गाण्यात माझ्या वडिलांच्या संग्रहातल्या एका जुन्या लावणीच्या रेकॉर्डचा तुकडा आहे. त्याचं काही होईल का?
– एक आई

उत्तर :

ताई, शुक्रवारी सही होऊ देऊ नका. आहे त्या मसुद्यावर तर कुठल्याच वारी नको. मुलानं लेबलला दोन ओळींची ईमेल करावी : मसुदा मिळाला, वकील वाचत आहे, दोन आठवड्यांत उत्तर देतो. ज्या लेबलला तो खरंच हवा आहे ते दोन आठवडे थांबतं. जे थांबत नाही, त्याला वकिलानं न वाचलेली सही हवी होती. वकील संगीत-करारांचाच हवा. घराच्या खरेदीखताला आला होता तो नको, आणि लेबलनं सुचवलेला तर मुळीच नको. असे वकील तासावर, ठरावीक फीवर किंवा कराराच्या ५ टक्क्यांवर काम करतात. तुमच्या बाबतीत ठरावीक फी मागा. उत्पन्न कमी असलेल्या कलाकारांसाठी अटलांटात ‘जॉर्जिया लॉयर्स फॉर द आर्ट्स’ ही संस्था आहे, मुलानं तिथंही अर्ज करावा. आणि तुम्ही दोघांनी कुठंही सही करायची नाही. तो सज्ञान आहे, करार त्याचा आहे. जामीनदार, साक्षीदार, ‘कुटुंबाची संमती’ अशा नावाखाली कागद पुढे आला तर बाजूला ठेवा.

आता मास्टर पीचं. न्यू ऑर्लिन्सच्या मास्टर पी या रॅपरनं, म्हणजे नो लिमिट लेबलच्या मालकानं, १९९६ मध्ये प्रायॉरिटी रेकॉर्ड्सशी वितरणाचा करार केला तेव्हा मास्टरची मालकी स्वतःकडे ठेवली आणि विक्रीतला सुमारे ८५ टक्के वाटाही. त्याच शहरातल्या कॅश मनी रेकॉर्ड्सनं १९९८ मध्ये युनिव्हर्सलशी केलेला करार ३ कोटी डॉलरचा होता, आणि मालकी त्यांचीच राहिली. दक्षिणेतला प्रत्येक छोटा लेबलवाला ही दोन नावं घेतो. पण या कहाण्यांत फायदा झाला तो लेबलच्या मालकाचा. कॅश मनीचा सगळ्यात मोठा कलाकार लिल वेन २०१५ मध्ये त्याच लेबलवर ५.१ कोटी डॉलरचा दावा घेऊन कोर्टात गेला आणि २०१८ मध्ये तडजोड झाली. तुमच्या मसुद्यात मास्टर पीच्या खुर्चीत लेबलचा मालक बसला आहे. मुलगा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहे. ‘सगळं घरचं’ असेल तर मास्टर कोणाच्या घरचे, एवढंच विचारायला सांगा.

दीड लाखातून हाती किती येतं ते पाहू. हा आकडा बहुतेक ‘ऑल-इन’ असतो, म्हणजे अल्बम करायचा खर्चही त्यातूनच. मसुद्यात ‘रेकॉर्डिंग फंड’ हे शब्द आहेत का ते शोधा. वकील ५ टक्के धरला तर ७,५००. मॅनेजर असेल आणि त्याचे २० टक्के एकूण रकमेवर असतील तर ३०,०००. (रेकॉर्डिंगला जाणाऱ्या पैशावर मॅनेजरनं टक्केवारी घेऊ नये, हे त्याच्या करारात आधीच लिहून घ्यायचं असतं. बहुतेक मुलं ते विसरतात.) बारा गाण्यांचे बीट (रॅपमागचं तयार संगीत), स्टुडिओ, इंजिनिअर, मिक्सिंग-मास्टरिंग आणि दोन पाहुण्या रॅपरांचे फीचर, असं काटकसरीनं धरलं तरी ७०,००० जातात. राहिले ४२,५००. त्यावर स्वयंरोजगार कर, फेडरल कर आणि जॉर्जियाचा कर मिळून दहा हजारांच्या आसपास. उरले ३२,५००. अर्धी रक्कम सहीला आणि अर्धी अल्बम दिल्यावर मिळणार असेल, म्हणजे सगळं दीड वर्षात पसरणार असेल, तर महिन्याला १,८०० डॉलर. अटलांटात खोलीचं भाडं आणि गाडीचा हप्ता याच्या पलीकडे त्यातून काही होत नाही. लेबल गळ्यात साखळी घालेल, भाड्याची आलिशान गाडी व्हिडिओत दिसेल. तो खर्चही बहुधा मुलाच्याच खात्यावर लिहिलेला असतो. ‘ही भेट आहे की खात्यावर?’ हा प्रश्न साखळी घालून घेण्याआधी विचारायचा, आणि उत्तर ईमेलवर घ्यायचं.

खरी गोष्ट मात्र पुढे आहे. सांगलीकडच्या माणसाला ऊसतोडीची उचल समजावून सांगायला नको. मुकादमाकडून उचल घ्यायची, हंगामभर कोयता चालवून फेडायची, फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. ॲडव्हान्स तसाच, पण फेडीचा दर निराळा. तोडणीच्या मजुराची मजुरी पूर्ण धरून उचल कमी होते. इथं लेबलकडे शंभर डॉलर आले तर मुलाच्या खात्यावर फेड म्हणून अठराच धरले जातात. त्यातूनही प्रोड्युसरांचे तीन-चार टक्के वजा होतात, म्हणजे राहिले चौदा. उरलेले लेबलचे, आणि तेही पहिल्या दिवसापासून.

आकडे मांडून बघा. दर हजार स्ट्रीममागे मास्टरच्या बाजूला ढोबळमानानं ४ डॉलर येतात असं धरू. लेबल छोटं आहे, त्याचा डिस्ट्रिब्युटर २० टक्के कापून घेईल, राहिले ३.२०. त्याचे १४ टक्के म्हणजे पंचेचाळीस सेंटसुद्धा पुरते नाहीत. दीड लाखाची उचल आणि व्हिडिओ-प्रमोशनचे समजा ५०,००० असे दोन लाख फेडायला सुमारे ४४ कोटी ६० लाख स्ट्रीम लागतात. तोपर्यंत लेबलच्या हातात १४ लाख डॉलरांवर आलेले असतात आणि मुलाचं खातं नुकतं शून्यावर येतं. त्याचं आजचं वर्ष १८ लाखांचं आहे. अल्बम आपटला तर लेबल पैसे परत मागत नाही, हे खरं, आणि त्या जोखमीसाठी त्याला नफा मिळावा हेही रास्त. पण मास्टर कायमचे, चार ऑप्शन (लेबलच्या मर्जीवरचे अल्बम), १८ टक्के आणि वर शोमधले ३०, हे सगळं एकत्र रास्त नाही.

हे काही नवीन नाही. अटलांटाचंच टीएलसी हे त्रिकूट १९९५ च्या जुलैमध्ये दिवाळखोरीत गेलं तेव्हा त्यांचा अल्बम देशभर धडाक्यात खपत होता आणि डोक्यावर ३५ लाख डॉलरचं देणं होतं. खप वाढत होता, पण कराराचा दर इतका बारीक होता की आधीचे खर्च फिटून तिघींपर्यंत काही पोचेना.

तुमच्या मसुद्याच्या सगळ्यात जवळचं उदाहरण ह्यूस्टनचं. मेगन दी स्टॅलियन या रॅपरनं २०१८ मध्ये, विशी नुकतीच ओलांडलेली असताना, १५०१ सर्टिफाइड एंटरटेनमेंट या स्थानिक लेबलशी करार केला. पुढच्या वर्षी मोठ्या मॅनेजमेंट कंपनीचे वकील आले, त्यांनी तो वाचला, आणि मार्च २०२० मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. तिच्या दाव्यानुसार रेकॉर्डिंगच्या उत्पन्नातले ६० टक्के लेबलचे होते. उरलेल्या ४० मधून प्रोड्युसर, इंजिनिअर, पाहुणे कलाकार तिनंच भागवायचे, आणि शोच्या कमाईतही लेबलचे ३० टक्के. लेबलला हे मान्य नव्हतं. २०२२ मध्ये पुन्हा खटला, आणि या वेळी मुद्दा होता ‘अल्बम’ कशाला म्हणायचं. करारात अल्बम म्हणजे किमान ४५ मिनिटांचं ध्वनिमुद्रण असं होतं. तिनं दिलेला संग्रह त्यात बसतो असं तिचं म्हणणं, त्यात जुनं साहित्य आणि बोलण्याचे तुकडे आहेत म्हणून तो धरायचा नाही असं लेबलचं. तडजोड व्हायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. म्हणून मसुद्याच्या पहिल्या पानावरचा आकडा बघण्याआधी व्याख्यांचं पान काढा. ‘अल्बम’ किती गाण्यांचा, किती मिनिटांचा? मिक्सटेप (बहुधा फुकट वाटलेला गाण्यांचा संग्रह), ईपी (छोटा अल्बम) त्यात धरणार का? दिलेला अल्बम ‘मान्य’ झाला हे कोण ठरवणार, आणि किती दिवसांत? या एका ओळीवर पाच अल्बमांची बांधिलकी सहा वर्षांत संपेल की बारा, हे ठरतं.

वकिलामार्फत उलट प्रस्ताव असा ठेवा. मास्टर विकायचे नाहीत, लेबलला सात ते दहा वर्षांच्या लायसन्सवर द्यायचे, मुदत संपली की परत. एक अल्बम आणि जास्तीत जास्त एक ऑप्शन. ऑप्शन वापरला तर दुसऱ्या अल्बमचा ॲडव्हान्स पहिल्यापेक्षा वरचा. टक्केवारीच्या रॉयल्टीऐवजी खर्च वजा जाऊन निव्वळ नफ्यात निम्मे-निम्मे. याचा फरक बघा : तेच दोन लाख, तेच हजारी ३.२० डॉलर, पण आता सगळे ३.२० खर्च फेडायला लागतात. त्यामुळे ६ कोटी २५ लाख स्ट्रीमला खातं मोकळं होतं आणि पुढच्या प्रत्येक डॉलरमधला अर्धा मुलाचा. ४४ कोटी ६० लाख कुठं आणि हे कुठं! निम्म्या-निम्म्यात धोका एकच, लेबल खर्च फुगवतं. म्हणून ५,००० डॉलरवरच्या कुठल्याही खर्चाला मुलाची लेखी संमती, लेबलचं ऑफिसभाडं आणि पगार त्यात धरायचे नाहीत, आणि हिशेब तपासायचा हक्क किमान तीन वर्षं. स्टेटमेंट वर्षातून दोनदा, सहामाही संपल्यापासून ९० दिवसांत.

शोमधला वाटा देऊच नये, असं आम्ही म्हणणार नाही. लहान लेबल आज त्याशिवाय पैसे घालत नाही. पण ३० चे १० करा, आणि तेही मॅनेजर, बुकिंग एजंट, प्रवास, डीजे यांचे पैसे वजा जाऊन उरलेल्या रकमेवर. शोची वार्षिक कमाई समजा ५०,००० च्या वर गेली तरच वाटा सुरू व्हावा. शोच्या पैशातून रेकॉर्डिंगची बाकी फेडून घ्यायची नाही, हे वाक्य वेगळं हवं. पब्लिशिंगला, म्हणजे गीतकार म्हणून असलेल्या हक्काला, या करारात हातच लावू द्यायचा नाही. स्टेजवरचं नाव ट्रेडमार्क करायचं तर मुलाच्या नावावर. आणि अल्बम दिल्यापासून सहा महिन्यांत बाजारात आणला नाही तर करार संपला, हे कलम तर हवंच. कपाटात पडून राहिलेल्या अल्बमवर दक्षिणेतल्या कित्येक कारकिर्दी संपल्या आहेत.

यातलं लेबल काय मान्य करेल? मुदत आणि शोचा वाटा यावर ते हलतील, चार ऑप्शनचे दोन होतील. मास्टरवर अडून बसले तर आमचा कौल सही न करण्याकडे आहे. वर्षाला १८ लाख स्ट्रीम स्वतः मिळवलेल्या मुलाला वर्षभरानं यापेक्षा वाईट प्रस्ताव येईल असं दिसत नाही.

‘प्रमोशन’ या खर्चाबद्दल एक. अटलांटात गाणं रेडिओच्या आधी क्लबमध्ये ठरतं, आणि त्यातही मॅजिक सिटीसारख्या, आईला सांगता न येणाऱ्या क्लबमध्ये. तिथला डीजे गाणं उचलतो तेव्हा शहर उचलतं. तेव्हा खर्चाच्या यादीत क्लब आणि डीजे दिसले तर दचकू नका, पावती मात्र मागा.

लेबल असो-नसो, या आठवड्यात करायची कामं वेगळीच आहेत. डिस्ट्रिब्युटर फक्त मास्टरचे पैसे आणतो. बाकीचे पैसे तीन वेगळ्या दारांतून येतात आणि नोंद नसेल तर तिथंच पडून राहतात. रेडिओ, क्लब, स्ट्रीमिंगवरच्या प्रक्षेपणाचे गीतकाराचे पैसे बीएमआय किंवा ॲस्कॅप या संस्थांकडून. दोन्हीकडे एकदम नाव घालता येत नाही, एकच निवडा, आणि लेखकाचा व प्रकाशकाचा असे दोन्ही हिस्से नोंदवा. स्ट्रीमिंगची मेकॅनिकल रॉयल्टी (शब्द-चालीच्या प्रतीचा गीतकाराला मिळणारा मोबदला) नॅशव्हिलच्या एमएलसी या संस्थेकडून, जी १ जानेवारी २०२१ पासून सुरू आहे. सदस्यत्व फुकट. तिसरं साउंडएक्स्चेंज, म्हणजे पँडोरा, सिरियसएक्सएम अशा डिजिटल रेडिओचे पैसे. त्यातले ४५ टक्के मुख्य कलाकाराचे, ५० टक्के मास्टरच्या मालकाचे, उरलेले ५ साथीदार वादक-गायकांसाठी. आज मालक मुलगाच आहे, म्हणून त्यानं कलाकार आणि मालक अशी दोनदा नोंदणी करायची. एकदाच केली की निम्मे पैसे अडकतात, आणि हे फार जणांचं होतं. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर गायकाला एक पैसा मिळत नाही, गीतकाराला मिळतो. म्हणून पहिली नोंदणी सगळ्यात आधी.

गाण्यांचा कॉपीराइट सरकारी कॉपीराइट ऑफिसात नोंदवा. एकाच अल्बमची वीसपर्यंत गाणी एका अर्जात, ६५ डॉलरला जातात. प्रकाशनापासून तीन महिन्यांच्या आत नोंदवलं तर चोरीच्या दाव्यात वकिलाची फी आणि कायद्यात ठरवलेली भरपाई मागता येते. उशीर झाला आणि चोरी आधीच झालेली असली तर प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करत बसावं लागतं. आणि प्रत्येक गाण्याचं स्प्लिट शीट करा : कोणी किती टक्के लिहिलं, सगळ्यांच्या सह्या, स्टुडिओतून निघण्यापूर्वी. गाणं चाललं की टक्केवारीबद्दल प्रत्येकाच्या आठवणी बदलतात.

बीट कुठून घेतले तेही तपासा. ऑनलाइन ‘लीज’वर घेतलेल्या बीटला स्ट्रीमची मर्यादा आणि मुदत असते. ती ओलांडली की बीटवाला गाणं खाली उतरवू शकतो, किंवा नव्यानं दर सांगतो. अटलांटाच्याच लिल नॅस एक्स या रॅपरनं ३० डॉलरला घेतलेल्या बीटवर केलेलं गाणं २०१९ मध्ये १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या बँडच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा होता. शेवटी त्या बँडच्या ट्रेंट रेझनर आणि ॲटिकस रॉस यांची नावं गीतकारांत आली. बीट विकत घेताना त्यात दुसऱ्याचा तुकडा नाही, अशी लेखी हमी बीटवाल्याकडून घ्यायची ती यासाठी. मिक्सटेप फुकट वाटतो म्हणून चालतं, हाही गैरसमज आहे. १६ जानेवारी २००७ रोजी पोलिसांनी डीजे ड्रामाच्या अटलांटातल्या स्टुडिओवर छापा घालून ८१,००० सीड्या जप्त केल्या आणि थेट संघटित गुन्हेगारीचा कायदा लावला.

यावरून तुमची लावणी. ताई, होय, त्याचं काही होऊ शकतं, आणि सगळ्यात चाललेलं गाणं तेच आहे म्हणून आधी तेच निस्तरायचं. सॅम्पलला, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्याला, दोन परवानग्या लागतात : ध्वनिमुद्रणाच्या मालकाची, आणि शब्द-चालीच्या मालकांची. रेकॉर्ड एचएमव्हीची असेल तर पहिलं दार सारेगामाचं, ग्रामोफोन कंपनीचंच आजचं नाव. ही कंपनी अमेरिकेत कोर्टात जायला कचरत नाही. २००२ मध्ये लता मंगेशकरांच्या आवाजाचा तुकडा न विचारता वापरलेलं एक अमेरिकन गाणं गाजलं तेव्हा सारेगामानं ५० कोटी डॉलरवर दावा लावला, आणि संगीतकार बप्पी लाहिरींना श्रेय दिल्याशिवाय सीडी विकायची नाही असा आदेश २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टानं दिला. दुसरं प्रकरण तुमच्याच भागातल्या कोर्टाचं. ‘आराधना’तल्या गाण्याच्या तुकड्यावरून सारेगामानं निर्माता टिंबलँड आणि इतरांवर दावा केला. जॉर्जिया ज्याच्या कक्षेत येतं त्या अकराव्या सर्किटच्या अपील कोर्टानं २०११ मध्ये तो फेटाळला, पण कारण काय? १९६७ च्या करारानुसार ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट आता सारेगामाकडे राहिलेला नाही. ‘एवढासा तुकडा चालतो’ असं अपील कोर्टानं म्हटलेलं नाही. शेजारच्या टेनेसीत तर सहाव्या सर्किटचा २००५ चा निकाल सरळ आहे : परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका.

‘साठ वर्षं झाली, मोकळी आहे’ असं कोणी सांगेल. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षांची मुदत भारतातली. जुन्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेत अजून कित्येक दशकं संरक्षण आहे, आणि गाणं विकलं जातंय अमेरिकेत. चिरंजीवांनी ह्यूस्टन पद्धतीनं तो तुकडा संथ, घोगरा केला असेल. तरी तो तोच तुकडा आहे.

सोपा मार्ग असा : तुकडा काढून टाका आणि तोच ठेका नव्यानं वाजवून घ्या. ढोलकीचा पारंपरिक ठेका कोणाच्या मालकीचा नाही. अटलांटाच्या मराठी मंडळींत ढोलकी वाजवणारा सापडेलच. स्टुडिओत दोन तास, पैसे रोख न देता चेकनं, आणि ‘हे काम मोबदल्यावर करून दिलं, हक्क राहिला नाही’ असा एक पानी कागद. यानं ध्वनिमुद्रणाची परवानगी गळाली. लावणीची ओळ किंवा चाल ठेवायची असेल तर शब्द-चालीची परवानगी मात्र लागेलच. ती मिळवायला महिने जातात, म्हणून पत्रव्यवहार आजच सुरू करा. परवानगी येईपर्यंत किंवा नवी आवृत्ती तयार होईपर्यंत हे गाणं कुठल्याही करारात घालू नका. लेबलच्या मसुद्यात ‘सर्व साहित्य मूळ आहे, दावा आला तर भरपाई कलाकार देईल’ असं कलम असतंच. त्यावर सही म्हणजे सारेगामाचं बिल मुलाच्या नावावर.

कराबद्दल थोडक्यात, कारण इथं चुका नेहमीच्याच होतात. ॲडव्हान्समधून कोणी कर कापत नाही, आणि उचल असली तरी ती मिळाल्या वर्षाचं उत्पन्न आहे. स्वयंरोजगार कर १५.३ टक्के, त्यावर फेडरल आयकर, त्यावर जॉर्जियाचे २०२५ च्या उत्पन्नासाठी ५.१९ टक्के. खर्च जाऊन उरणाऱ्या प्रत्येक डॉलरचे ३० सेंट वेगळ्या खात्यात टाका, ज्याचं कार्ड मुलाकडे नाही. हप्ते १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारीला. सही डिसेंबरमध्ये करू नका. पैसे या वर्षी आले आणि बीट-स्टुडिओचा खर्च पुढच्या वर्षी झाला, तर कर पूर्ण रकमेवर बसतो आणि भरायला पैसे उरलेले नसतात. शोचे रोख पैसे हेही उत्पन्नच. टेक्सस, टेनेसी, फ्लॉरिडात राज्याचा आयकर नाही, पण तिथं कमावलेल्यावर जॉर्जिया कर घेतंच. कॅलिफोर्निया तर बाहेरच्या कलाकाराचे ७ टक्के वर्षाला १,५०० डॉलरच्या वर गेलं की आधीच कापून ठेवतं. ते रिटर्नमध्ये वळते करून घ्यायला विसरू नका. नॅशव्हिलचा यंग बक, नावाजलेल्या लेबलचा रॅपर. त्याच्या घरातून आयआरएसनं (फेडरल करखात्यानं) २०१० मध्ये रेकॉर्डिंगच्या सामानासकट वस्तू उचलल्या, आणि पुढे दिवाळखोरी.

शो घेताना निम्मे पैसे तारीख पक्की करताना, उरलेले स्टेजवर जाण्यापूर्वी हातात. फीचर करताना पैसे आधी, फाइल नंतर.

राहिलं घरावरचं कर्ज. ते नको, अगदी नको. लेबलचा ॲडव्हान्स फिटला नाही तर कोणी घर मागत नाही. बँक मागते. तुम्हाला मदत करायची असेल तर अल्बमऐवजी पाच-सहा गाण्यांच्या ईपीला करा, बजेट २५,००० डॉलर, त्यातले निदान १०,००० प्रमोशनसाठी राखून. सगळे पैसे ध्वनिमुद्रणात घालून गाणं कोणाला ऐकवायला काही न उरणं, ही घरच्या पैशातून केलेल्या अल्बमांची नेहमीची गत. मास्टर मुलाचेच राहिले तर डिस्ट्रिब्युटर आणि प्रोड्युसर यांचं देऊन हजार स्ट्रीममागे ३ डॉलर उरतात. २५,००० वसूल व्हायला सुमारे ८३ लाख स्ट्रीम. आज तो वर्षाला १८ लाखांवर आहे, तेव्हा याच वेगानं हे साडेचार वर्षांचं काम आहे. आणि तो २६ वर्षांचा होईपर्यंत तुमच्या आरोग्य विम्यावर राहू शकतो, म्हणजे त्या खर्चाची काळजी नाही. पैसे भेट म्हणून दिलेत तर २०२५ च्या नियमानं आई आणि वडील प्रत्येकी १९,००० डॉलरपर्यंत काही न कळवता देऊ शकता, म्हणजे २५,००० त्यात बसतात. कर्ज म्हणून दिलेत तर १०,००० च्या वर आयआरएसनं ठरवलेल्या किमान व्याजदराचा नियम लागू होऊ शकतो. परतफेड कशातून आणि कधी, हे एका पानावर लिहून मुलाची सही घ्या. मास्टर तारण म्हणून तुमच्या नावावर करून घेऊ नका, नाहीतर उद्या चांगला प्रस्ताव आला तर त्या नव्या लेबलच्या वकिलाला आधी तुमच्याशी बोलावं लागेल.